पुडीवर नाव हवे



आपल्या त्रैमासिकातून शास्त्रचर्चा नियमितपणे होत असते. कल्पांचे अनुभव, पंचकर्मातील बारकावे, संहितांमधील एखाद्या सूत्राचे विवेचन हे सारे आपण आवडीने वाचतो. परंतु तालुक्याच्या गावी किंवा शहरातील एखाद्या पेठेत दवाखाना चालवून एकाच घरातील तीन-तीन पिढ्यांची नाडी पाहणाऱ्या कुटुंबवैद्याच्या सेवेचा दर्जा नेमका कशावर ठरतो, याविषयी आपण क्वचितच लिहितो. दर्जा हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर प्रशस्त प्रतीक्षालय, संगणक, काचेचे कपाट आणि भिंतीवरील प्रमाणपत्रे उभी राहतात. या गोष्टी असाव्यात. त्यांना माझा विरोध नाही. परंतु दर्जावृद्धीचा आरंभ याहून फार साध्या जागी आहे, असे माझे मत आहे आणि ते येथे मांडण्याची परवानगी घेतो. आपण रुग्णाच्या हाती जी पुडी देतो, तिच्यावर बहुधा औषधाचे नाव नसते. ते असले पाहिजे.

हे मत मला ग्रंथ वाचून सुचलेले नाही. ते एका चुकीतून आले आहे आणि ती चूक माझी स्वतःची आहे.

एका दूरध्वनीची गोष्ट

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त प्राथमिक शिक्षक अम्लपित्ताच्या तक्रारीसाठी माझ्याकडे आले. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते, मीही तसेच म्हणतो. छातीत जळजळ, आंबट ढेकर, रात्री झोपमोड अशी लक्षणे होती. यष्टिमधु चूर्ण अधिक मात्रेत, जोडीला कामदुधा आणि शंखभस्म, असा योग मी पुड्या बांधून दिला. पंधरा दिवसांत उत्तम उपशय मिळाला. गुरुजी प्रसन्न, मीही प्रसन्न.

पुढे काय घडले ते आपल्यापैकी अनेकांच्या दवाखान्यात रोज घडते. गुरुजी स्वतः येईनासे झाले. त्यांचा मुलगा बाजाराच्या दिवशी येई, बाहेरच्या खोलीत मदतनिसाला म्हणे, “दादांच्या त्याच पुड्या द्या,” आणि मदतनीस त्याच पुड्या देई. मी आत दुसऱ्या रुग्णात गुंतलेला असे. असे आठ महिने चालले. या काळात गुरुजींचा रक्तदाब वाढला. साताऱ्यातील एका फिजिशियनने त्यांना रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी गोळी सुरू केली. रक्तदाब आटोक्यात येईना म्हणून मात्रा वाढली. मग पायांत गोळे येऊ लागले, जिना चढवेना, आणि एका सकाळी गुरुजींना अंथरुणातून उठताच येईना. रुग्णालयात रक्त तपासले तेव्हा पोटॅशियम फार खाली गेलेले आढळले.

त्या दुपारी मला फिजिशियन महोदयांचा दूरध्वनी आला. स्वर अत्यंत सौजन्याचा होता. “डॉक्टर, गुरुजी तुमच्याकडच्या पुड्या घेतात असं घरचे सांगतात. त्यांत काय आहे, ते कळलं तर बरं होईल.”

मी केसपेपर काढला. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिले होते: “अम्लपित्त. पुड्या १५ दिवस. सकाळ-संध्याकाळ.” त्याखाली “रिपीट”, “रिपीट”, “रिपीट”. मला योग आठवत होता, म्हणून यष्टिमधु हे नाव सांगता आले. परंतु नेमकी मात्रा किती, मध्ये कधी बदलली, बदलली तेव्हा मदतनिसाने जुन्या मिश्रणाची बरणी संपवली की नवे दिले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मला खात्रीने देता आले नाही.

यष्टिमधूतील ग्लिसिरायझिन हे द्रव्य अधिक मात्रेत आणि दीर्घकाळ पोटात गेल्यास शरीरात सोडियम व पाणी धरून ठेवते, पोटॅशियम बाहेर टाकते आणि रक्तदाब वाढवते. त्यात लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल तर पोटॅशियमचा ऱ्हास दुहेरी होतो. हे आज कोणत्याही द्रव्यगुणाच्या आधुनिक पुस्तकात मिळते. मलाही ते ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एवढेच, की गुरुजींना दुसरी गोळी सुरू आहे. आणि साताऱ्याच्या फिजिशियनना ठाऊक नव्हते, की गुरुजींच्या पुडीत यष्टिमधु आहे. दोन्ही वैद्यांचे ज्ञान आपापल्या जागी शाबूत होते आणि मध्ये रुग्ण अंथरुणाला खिळला होता.

पुड्या थांबल्या, शिरेतून पोटॅशियम दिले गेले, गुरुजी बरे झाले. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी रागाचा एक शब्द काढला नाही. एवढेच म्हणाले, “डॉक्टर, मला तिथं सगळ्यांनी विचारलं, कसली पुडी घेता? मी म्हटलं, पोटाची. मास्तर असून मला औषधाचं नाव सांगता आलं नाही.”

ते वाक्य मला आजही टोचते. चाळीस वर्षे मुलांना अक्षर शिकवणाऱ्या माणसाच्या हाती मी आठ महिने कोरी पुडी देत होतो.

शास्त्र काय अपेक्षिते

कोणी म्हणेल, नोंदी, लेबले, नावे हा सारा आधुनिक वैद्यकाचा आणि कायद्याचा व्याप आहे. आपल्या परंपरेत वैद्याने औषध द्यावे व रुग्णाने श्रद्धेने घ्यावे. मला हे मान्य नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रुग्ण. प्रत्येक पादाचे चार-चार गुण आहेत. रुग्णाच्या गुणांत स्मृती आहे, आज्ञापालन आहे, निर्भयता आहे, आणि चौथा गुण आहे ज्ञापकत्व, म्हणजे आपल्या व्याधीविषयी वैद्याला सांगता येण्याची क्षमता. आता विचार करावा: ज्या रुग्णाला आपण काय घेतो हेच ठाऊक नाही, तो पुढच्या वैद्याला काय सांगणार? त्याचे ज्ञापकत्व आपणच काढून घेतले. चार पादांपैकी एक पाद आपल्या हाताने लंगडा केला आणि मग यश मिळत नाही म्हणून दैवाला बोल लावला.

त्याच सूत्रस्थानाच्या पहिल्या अध्यायात, न जाणलेले औषध हे विष, शस्त्र, अग्नी आणि वज्र यांच्यासारखे आणि जाणलेले औषध अमृतासारखे, असा आशय आला आहे. आपण हा इशारा केवळ वैद्यासाठी आहे असे समजतो. परंतु आजचा रुग्ण एकाच वैद्याचा राहिलेला नाही. मधुमेहासाठी एक, गुडघ्यासाठी दुसरा, डोळ्यांसाठी तिसरा, आणि अम्लपित्तासाठी आपण. मी जाणलेले औषध दुसऱ्या वैद्याच्या दृष्टीने अज्ञातच असते. पुडीवर नाव नसेल तर माझे अमृत त्याच्या टेबलावर पोचेपर्यंत अज्ञात द्रव्य झालेले असते.

आणखी एक गोष्ट. निदानपंचकात आपण उपशयाला स्थान दिले आहे. लक्षणे गूढ असतील तेथे औषध, आहार व विहार यांनी काय बरे वाटले, काय बाधले, यावरून व्याधी ओळखावा, अशी ही अत्यंत सूक्ष्म पद्धत आहे. परंतु काय दिले हेच लिहिलेले नसेल तर उपशय कशाचा आणि अनुपशय कशाचा? “पुड्या दिल्या, बरे वाटले” या नोंदीवरून पुढच्या वेळी कोणते निदान करणार? प्रकृती, सार, सात्म्य, सत्त्व यांची परीक्षा करणाऱ्या शास्त्राचे आपण उपासक. रुग्ण रोज काय सेवन करतो हे सात्म्य पाहताना आपण विचारतोच. आजच्या काळात त्यात रोजची गोळीही आली.

कायद्याची सूट आणि आपले दायित्व

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम १९४० चा. त्यात १९६४ साली आयुर्वेदीय औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. त्याखालील नियमांनुसार कारखान्यात तयार झालेल्या प्रत्येक औषधाच्या लेबलावर घटकद्रव्ये, निर्मात्याचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक, निर्मितीची तारीख आणि वापराची मुदत द्यावी लागते. अनुसूची ई (१) मध्ये वत्सनाभ, भल्लातक, धत्तूर, कुपीलु, पारद अशी विषद्रव्ये नोंदली आहेत. ती ज्या कल्पात असतील त्याच्या वेष्टनावर, औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, असा इशारा इंग्रजी व हिंदीत छापावा लागतो.

आता आपल्या दवाखान्यात काय होते ते पाहू. आपण हजार गोळ्यांचा डबा मागवतो. डब्यावर सारे काही छापलेले असते. आपण डबा उघडतो, तीस गोळ्या मोजतो, कागदात बांधतो आणि रुग्णाला देतो. घटकद्रव्ये, बॅच क्रमांक, मुदत आणि तो इशारा, हे सारे डब्याबरोबर आपल्या कपाटात राहते. रुग्णाबरोबर जाते ती फक्त गोळी. म्हणजे कायद्याने रुग्णासाठी जे छापायला लावले, ते रुग्णापर्यंत पोचण्याआधी आपणच काढून घेतो.

स्वतःच्या रुग्णांसाठी स्वतः औषध तयार करणाऱ्या वैद्याला कायद्याने निर्मितीच्या परवान्यातून सूट दिली आहे. ही सूट मोलाची आहे. तिच्यामुळेच वैद्याची रसशाळा जिवंत राहिली. परंतु सूट हा विश्वास आहे. कारखानदाराकडून कायदा जे सक्तीने करवून घेतो, ते वैद्य आपल्या सद्सद्विवेकाने करील, असा तो विश्वास आहे. आपण तो पाळतो का?

हरकती आणि त्यांची उत्तरे

हा विषय मी आमच्या तालुक्यातील बैठकीत मांडला तेव्हा मित्रांनी अनेक हरकती घेतल्या. त्या खोट्या नव्हत्या. म्हणून त्यांचा एकेक विचार करतो.

पहिली हरकत: नाव कळले की रुग्ण परस्पर दुकानातून औषध आणील, दवाखान्यात येणार नाही. ही भीती पोटाची आहे आणि पोटाची भीती हसण्यावारी नेऊ नये. लहान गावातील वैद्याचे उत्पन्न पुडीवरच चालते, कारण आपण तपासणीचे शुल्क जवळजवळ घेतच नाही. माझा अनुभव असा, की नाव लिहू लागल्यावर थोडे रुग्ण परस्पर दुकानात गेले, आणि त्यांतील काही परत आले. कारण मात्रा, काल, अनुपान आणि पथ्य यांचा मेळ दुकानात मिळत नाही. खरा प्रश्न असा आहे, की आपण आपल्या बुद्धीचे मोल पुडीत लपवून का घेतो? तपासणीचे शुल्क वेगळे, औषधाचे मोल वेगळे, असे सरळ ठेवावे. जो वैद्य केवळ नाव लपवून रुग्ण राखतो, त्याचा रुग्ण त्याच्या विद्येने बांधलेला नसतो.

दुसरी हरकत: गुरुपरंपरेने आलेला योग जाहीर कसा करावा? गुरूंविषयीचा आदर मी समजू शकतो. परंतु शार्ङ्गधराने आपल्या संहितेत आणि भैषज्यरत्नावलीकारांनी आपल्या ग्रंथात शेकडो योग घटक व प्रमाणांसह लिहून ठेवले, म्हणूनच आज आपण ते वापरतो. त्यांनी ते झाकून ठेवले असते तर आपल्यापर्यंत काय आले असते? तरीही ज्यांना प्रमाण सांगावयाचे नसेल त्यांनी निदान घटकद्रव्यांची नावे द्यावीत. विषद्रव्य असेल, पारदाचा कल्प असेल, तर मात्र तेवढाही संकोच ठेवू नये.

तिसरी हरकत वेळेची: सकाळच्या गर्दीत लिहायचे केव्हा? मी जे योग वारंवार वापरतो त्यांच्या छापील चिठ्ठ्या करून घेतल्या. नाव, घटक, मात्रा, काल, अनुपान छापलेले. रुग्णाचे नाव व तारीख तेवढी हाताने घालायची. मदतनीस पुड्या बांधतो तेवढ्या वेळात हे काम होते. वाचता न येणाऱ्यांसाठी सकाळच्या पाकिटावर सूर्य आणि रात्रीच्या पाकिटावर चंद्र काढतो. आजीला वाचता आले नाही तरी नातवाला येते, आणि पुढच्या वैद्याला येतेच. नाजूक तक्रारींच्या बाबतीत चिठ्ठी पाकिटाच्या आत घालतो, म्हणजे घरातील इतरांच्या दृष्टीस पडत नाही.

चौथी हरकत हळू आवाजात आली: लिहिले की पुरावा होतो. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली, तेव्हापासून ही धास्ती सर्वच वैद्यकांत आहे. मी कायदेपंडित नाही. परंतु साधा विवेक असा सांगतो, की योग्य चिकित्सा करणाऱ्याला लिखित नोंद तारते. कोरा केसपेपर कोणालाही तारत नाही.

आणि आता ती गोष्ट, जी बैठकीत कोणी बोलले नाही, परंतु सर्वांच्या मनात होती. कोऱ्या पुडीचा आश्रय घेऊन काही मंडळी संधिवाताच्या, दम्याच्या पुड्यांत स्टेरॉईड कुटून घालतात. रुग्णाला दोन दिवसांत चमत्कार दिसतो. पुढे चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि पुडी अचानक थांबली तर जीवावर बेतते. दोष मात्र आयुर्वेदाच्या माथी येतो. ही मंडळी थोडी आहेत. परंतु त्यांची पुडी आणि तुमची-माझी प्रामाणिक पुडी बाहेरून अगदी सारखी दिसते, कारण दोन्ही कोऱ्या आहेत. आपण नावे लिहू लागलो की कोरी पुडी आपोआप संशयास्पद ठरेल. आपल्या व्यवसायाची शुद्धी करण्याचा याहून स्वस्त उपाय मला तरी दिसत नाही.

जगाची नजरही आपल्यावर आहे, हे विसरून चालणार नाही. २००४ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांत विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. ७० पैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. शोधन-मारणाचा विचार त्या तपासणीत नव्हता, असा आक्षेप आपण घेतला. परंतु आक्षेप घेण्यासाठीही त्या कल्पाचे नाव, बॅच आणि निर्मिती ठाऊक असावी लागते. कोऱ्या पुडीचा कैवार घेऊन कोणाशीही शास्त्रीय वाद करता येत नाही.

औषधी दुकानदार बंधूंना विनंती

हे त्रैमासिक औषधी दुकानदारही वाचतात, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीसाठी वेगळा परवाना लागत नाही. त्यामुळे तुमचे काउंटर हेच रुग्ण आणि औषध यांच्यामधील शेवटचे दार आहे.

रुग्ण रिकामी डबी घेऊन येतो आणि “हेच द्या” म्हणतो. अशा वेळी एक प्रश्न विचारावा: “हे किती दिवस घेताय आणि दुसरी कोणती गोळी सुरू आहे?” इशारा छापलेल्या औषधाची डबी वैद्याच्या चिठ्ठीवाचून पुन्हा पुन्हा देऊ नये. चिठ्ठीवर लिहिलेला कल्प नसेल तर दुसऱ्या कंपनीचा देताना वैद्याला कळवावे. ग्रंथोक्त कल्पाचे नाव एकच असले तरी पाठभेदाने घटक बदलतात, आणि प्रोप्रायटरी गोळ्यांच्या बाबतीत तर नावावरून घटक कळतच नाहीत. बिलावर बॅच क्रमांक घालावा. सुटे चूर्ण पाकिटात भरून देत असाल तर त्यावरही नाव आणि मुदत लिहावी. आणि आम्हा वैद्यांचे अक्षर लागत नसेल तर अंदाज न करता चिठ्ठी परत पाठवावी. त्यात आमचा अपमान नाही.

दर्जा मोजायचा कसा

अवेडिस डोनाबेडियन या अमेरिकेतील अभ्यासकाने १९६६ साली वैद्यकीय सेवेचा दर्जा तीन अंगांनी तपासावा असे मांडले: साधनसामग्री, प्रत्यक्ष कार्यपद्धती आणि परिणाम. आपण पहिल्या अंगावर पैसा खर्च करतो आणि तिसऱ्याविषयी अनुभवाच्या गोष्टी सांगतो. मधले अंग, म्हणजे आपण रोज नेमके काय करतो, ते तपासतच नाही. ते तपासण्यासाठी संगणक लागत नाही.

मी महिन्यातून एकदा, अमावास्येला दुपारी दवाखाना बंद असतो तेव्हा, कपाटातून डोळे मिटून दहा केसपेपर काढतो आणि प्रत्येकाला पाच प्रश्न विचारतो.

१. निदान, किंवा निदान ठरले नसेल तर लक्षणे व दोष-दूष्यांचा विचार, लिहिला आहे का?
२. दिलेल्या प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा, काल व अनुपान लिहिले आहे का?
३. रुग्ण घेत असलेली इतर औषधे, कोणत्याही पद्धतीची असोत, लिहिली आहेत का?
४. मागील भेटीनंतर काय फरक पडला, याची नोंद आहे का?
५. पुन्हा प्रत्यक्ष केव्हा तपासायचे, हे लिहिले आहे का?

गुरुजींच्या प्रसंगानंतर मी पहिल्यांदा असे केसपेपर काढले तेव्हा लाजेने मान खाली गेली. औषधांची पूर्ण नावे असलेले केसपेपर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते. वीस वर्षांचा अनुभव म्हणून मी जे मिरवत होतो, त्याचा बराचसा भाग कोठेच लिहिलेला नव्हता. आज स्थिती पुष्कळ सुधारली आहे, निर्दोष नाही.

दोन नियम आणखी केले. साठीच्या पुढील रुग्णाने वर्षातून दोनदा घरातील सगळ्या औषधांची पिशवी घेऊन यावी. ती टेबलावर ओतून आम्ही दोघे मिळून पाहतो. त्या पिशवीतून काय काय निघते, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी अवश्य पाहावे. आणि दोन महिन्यांहून अधिक काळ कोणालाही न तपासता “त्याच पुड्या” मिळत नाहीत. मुलगा बाजाराला आला असला तरी मदतनीस नम्रपणे सांगतो, “दादांना घेऊन या, वजन आणि रक्तदाब पाहायचा आहे.” सुरुवातीला लोक कुरकुरले. आता तेच शेजाऱ्याला सांगतात, की आमचा डॉक्टर पाहिल्याशिवाय औषध देत नाही.

एखाद्या औषधाचा अनिष्ट परिणाम झाल्याची शंका आली तर ती लपवू नये, कळवावी. आयुर्वेदीय औषधांसाठी असा राष्ट्रीय कार्यक्रम २००८ साली जामनगर येथून सुरू झाला. पुढे आयुष मंत्रालयाने त्याची नव्याने उभारणी केली. नवी दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था हे त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र झाले आणि देशातील अनेक आयुर्वेद महाविद्यालयांत त्याची केंद्रे निघाली. त्याच्या नमुन्यात औषधाचे नाव विचारलेले असते. यष्टिमधूविषयीचा माझा अनुभव मी कळवला तेव्हा मात्रेचा रकाना मला अंदाजाने भरावा लागला. याचे दुःख अद्याप आहे.

२०२१ साली आयुष्मान भारत डिजिटल मिशनची घोषणा झाली. १० जानेवारी २०२४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांतील व्याधिसंज्ञांना आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्थान देणारा विभाग नवी दिल्लीत प्रकाशित केला. म्हणजे अम्लपित्ताला आता जगाच्या यादीत संकेतांक आहे. परंतु संकेतांकाच्या शेजारी आपण काय लिहिणार? “पुड्या १५ दिवस”? संगणकात कोरा केसपेपर घातला तर तो संगणकातील कोरा केसपेपर होतो, एवढेच.

समारोप

माझी सूचना लहान आहे. आपल्या संघटनेने एक सर्वसाधारण नमुन्याचे पाकीट छापून सभासदांना द्यावे. त्यावर रुग्णाचे नाव, औषधाचे नाव व प्रमुख घटक, मात्रा, काल, अनुपान, तारीख आणि वैद्याचा नोंदणी क्रमांक एवढ्याच ओळी असाव्यात. जिल्हा शाखांनी एका बैठकीत प्रत्येकाने स्वतःचे दहा केसपेपर तपासून यावेत. निकाल कोणाला दाखवण्याची गरज नाही. पुढील वर्षी पुन्हा तपासावेत. याला निधी लागत नाही, ठराव लागत नाही, शासनाची परवानगीही लागत नाही.

गुरुजी आजही माझ्याकडे येतात. गेल्या महिन्यात आले तेव्हा पाकीट हातात घेऊन त्यांनी चष्मा लावला आणि वरची अक्षरे एकेक करून वाचली. मग लाल पेन मागितले. ‘शतावरी’मधील ‘री’ मी ऱ्हस्व लिहिली होती, ती त्यांनी दुरुस्त केली आणि पाकीट पिशवीत ठेवले.

आपली पुडी कोणी तपासावी, दुरुस्त करावी, अशी ती एकदा व्हावी. ती तपासता यावी म्हणून आधी तिच्यावर काही लिहिलेले असले पाहिजे.